लिहिणाऱ्यांचा छोटा गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा, कविता, ललित लिहिणाऱ्यांनी एकमेकांचं वाचावं, एकमेकांना धरून राहावं, यासाठी गट करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. लेखनगट म्हणजे नेमकं काय? आमच्या गावात कविसंमेलनं होतात, मग हे वेगळं कशाला?

कविसंमेलनात तयार झालेलं लेखन सादर होतं आणि समोरून दाद येते. लेखनगटात अर्धंकच्चं लेखन येतं आणि वाचणारा सांगतो की आपण कुठे गुंतलो, कुठे अडखळलो. दोन्ही हवं, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. टाळ्या मिळालेली कविता घरी नेल्यावर तिसरं कडवं ढिलं आहे हे कोणी सांगत नाही.

मराठीत ही रीत जुनी आहे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, माडखोलकर अशी मंडळी रविवारी चहाला जमत आणि कविता वाचून दाखवत, म्हणून त्यांना ‘सन-टी क्लब’ही म्हटलं जाई. ठरलेला वार, मोजकी माणसं आणि समोर कागद. आजही यापेक्षा जास्त काही लागत नाही.

२. गटात किती जण असावेत?

पाच. चारही चालतात, सहाच्या वर जाऊ नका. तिघांच्या गटात एक जण आजारी पडला की उरलेल्या दोघांची नुसती गप्पांची बैठक होते. आठ जण झाले की प्रत्येकाची पाळी दोन-दोन महिन्यांनी येते, मधल्या काळात लिहायची ओढ सुटते, आणि बैठकीत निम्मे लोक न वाचता येऊन बसतात. पाच जण, दर पंधरा दिवसांनी बैठक आणि एका बैठकीत दोघांचं लेखन, असं धरलं तर प्रत्येकाची पाळी साधारण पाच आठवड्यांनी येते. नोकरी-घर सांभाळून एक कथा पुन्हा लिहायला हा वेळ पुरतो.

३. माझ्या ओळखीत लिहिणारं कोणीच नाही. माणसं आणायची कुठून?

गावातल्या सार्वजनिक वाचनालयापासून सुरू करा. कथासंग्रह आणि कवितासंग्रह नियमित नेणारे वाचक ग्रंथपालांना नावानिशी माहीत असतात, आणि त्यातले एक-दोन गुपचूप लिहीत असतात. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद यांच्या शाखा बऱ्याच गावांत आहेत. तिथल्या कार्यक्रमाला गेलात तर व्यासपीठाकडे न जाता शेवटच्या रांगेत वही घेऊन बसलेल्या माणसाशी बोला. कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक, कथास्पर्धेत तुमच्याबरोबर बक्षीस मिळालेली मंडळी, हेही चांगले धागे आहेत.

‘आपण गट करूया का?’ असं पहिल्याच भेटीत विचारू नका. ‘माझी एक कथा वाचाल का? तुमचीही द्या,’ असं म्हणा. दोन वेळा देवाणघेवाण झाली की समोरचा वेळेवर वाचतो का, आणि वाचल्यावर काय बोलतो, हे कळतं. हे दोन गुण पाहून माणूस निवडा. त्याचं छापून किती आलंय ते पाहू नका.

४. एक बैठक कशी चालवायची? वेळ किती, पानं किती?

शनिवारची बैठक असेल तर सोमवारी रात्रीपर्यंत लेखन सगळ्यांकडे पोचलं पाहिजे. एका लेखनाला कमाल २,५०० शब्द. कथा मोठी असेल तर पहिला अर्धा भाग द्या आणि उरलेल्याचा गोषवारा देऊ नका. गोषवारा वाचून आलेला माणूस मूळ मजकूर डोळे मिटून समजून घेतो, आणि मग मजकूर कुठे कमी पडतो ते त्याला दिसत नाही.

छापताना ए-फोर कागद, १४ पॉइंट अक्षर, ओळींत दीड पट अंतर, उजवीकडे रुंद समास आणि पानांना क्रमांक. क्रमांक नसले तर बैठकीतला बराच वेळ ‘ते कुठलं हो, मावशी येते त्याच्या आधी की नंतर?’ यात जातो.

बैठक दोन तासांची. सुरुवातीची दहा मिनिटं टेकायला, बोलायला. मग पहिलं लेखन ४५ मिनिटं: चौघांनी प्रत्येकी सहा मिनिटं बोलायचं, मग लेखकाने दहा मिनिटं प्रश्न विचारायचे, उरलेला वेळ मोकळी चर्चा. चहा दहा मिनिटं. दुसरं लेखन तसंच. शेवटच्या दहा मिनिटांत पुढची तारीख आणि पाळी ठरवूनच उठायचं. ‘फोनवर ठरवू’ म्हणून उठलेला गट तिथूनच विस्कटायला लागतो.

चौघं बोलत असताना लेखकाने बोलायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. हा नियम पहिल्या दोन बैठकांत जड जातो. पण लेखक ‘अहो, त्याचा अर्थ असा आहे’ म्हणून समजावायला लागला की वाचणाऱ्याला खरंच काय कळलं होतं ते कायमचं हरवतं. छापून आल्यावर वाचकाशेजारी बसून समजावायला लेखक जाणार नसतो.

५. मला अभिप्राय देताच येत नाही. ‘आवडलं’ याच्या पुढे काय बोलायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि गट टिकतो की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

दोनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता, सलग. दुसऱ्यांदा समासात खुणा करा: गुंतलात तिथे बरोबरची खूण, अडखळलात तिथे नागमोडी रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, आणि डोळे ओळींवरून नुसते सरकत गेले तिथे ‘क’, म्हणजे कंटाळा. ही शेवटची खूण करायला संकोच वाटतो, पण लेखकाला सर्वात उपयोगी तीच पडते.

बोलताना आधी, ही गोष्ट मला कशाबद्दल वाटली, हे दोन वाक्यांत सांगा. लेखकाला वाटत होतं गोष्ट जमिनीच्या वाटणीची, आणि तिघांनी सांगितलं की ती दोन जावांच्या मैत्रीची, तर तेवढ्यावरच त्याचं पुढचं महिनाभराचं काम बदलतं. मग कुठे धरून ठेवलं ते सांगा, मग कुठे हात सुटला ते. प्रत्येक वेळी पान आणि ओळ सांगून.

फरक असा पडतो. ‘शेवट जमला नाही’ हा निकाल झाला, लेखकाला त्याचं काहीच करता येत नाही. ‘पान ६ वर मावशी दार उघडायला उशीर करते, तिथेच मला कळलं की पत्र तिनेच लपवलंय. पुढची दोन पानं मी फक्त खात्री करायला वाचली’, असं सांगितलंत तर लेखक घरी जाऊन त्या दारापाशी उभा राहू शकतो.

उपाय सुचवायची घाई करू नका. तुमचा उपाय तुमच्या कथेचा असतो. लेखकाने विचारलं तरच सांगा. आणि लेखकांसाठी: चौघांपैकी तिघं एकाच जागी अडखळले तर ती जागा बिघडलेली आहे, त्यांनी सांगितलेली कारणं एकमेकांशी जुळत नसली तरीही. एकटाच अडखळला असेल तर नोंद करा आणि थांबा.

६. कवितेला हीच पद्धत चालते का?

थोडी बदलावी लागते. एका वेळी तीनच कविता द्या, आणि बैठकीत कविता कवीने वाचायची नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. कवी स्वतः वाचतो तेव्हा लय त्याच्या आवाजातून येते. दुसरा वाचताना जिथे चुकीच्या शब्दावर जोर देतो किंवा दम घेतो, तिथे कागदावरच काहीतरी कमी असतं.

गझल किंवा वृत्तबद्ध कविता असेल तर आधी लघु-गुरू मोजा, मग अर्थाकडे वळा. उदाहरणार्थ आनंदकंद वृत्ताची ओळ ‘गागालगा लगागा गागालगा लगागा’ अशी बसते (ल म्हणजे लघु, एक मात्रा; गा म्हणजे गुरू, दोन मात्रा), २४ मात्रांची. एक ओळ २५ची निघाली तर त्यावर मत द्यायची गरज नाही, बोट ठेवून दाखवायचं. गझलेत काफिया (यमक) आणि अलामत (यमकात कायम राहणारा स्वर) मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, जशी ठरली तशी पुढे पाळली गेली का, हेही आधीच पाहून घ्या. मुक्तछंदात मात्र ओळ तिथेच का तोडली, हा एक प्रश्न प्रत्येक ओळीला विचारला तरी पुरे.

७. माझ्या कथेवर बोललं गेलं की पुढे पंधरा दिवस मला लिहवत नाही. मी गटासाठी बनलेलीच नाही का?

तसं नाही. बैठकीतून आल्यावर त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कथेला हात लावू नका. टिपणं तिसऱ्या दिवशी उघडा आणि त्यांचे तीन भाग करा: लगेच पटलेलं, अजिबात न पटलेलं, आणि झोंबलेलं. पटलेल्या बारीक गोष्टी आधी दुरुस्त करा, हात चालू होतो. झोंबलेल्यातलं बरंचसं आठवड्याभरात पहिल्या दोन भागांत जाऊन पडतं.

लेखन देतानाच वर एक ओळ लिहायची सवय ठेवा: ‘हा पहिला खर्डा आहे, फक्त गोष्ट पुढे ओढते का ते सांगा’, किंवा ‘हे आता पाठवणार आहे, शब्दाशब्दावर बोला’. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा झाली की माणूस खचतो, आणि काय हवं ते न सांगता खर्डा देणाऱ्याचीही त्यात चूक असते.

एखादी व्यक्ती लेखनाऐवजी तुमच्यावरच बोलत असेल (‘तुम्हाला हा अनुभवच नाही’), तर प्रश्न तुमच्या हळवेपणाचा नाही. तिथे प्रश्न १० पाहा.

८. आमच्याकडे उलटं आहे. सगळे एकमेकांना ‘अप्रतिम’ म्हणतात.

मैत्री जपायची म्हणून असं होतं, आणि त्यानेच ती पातळ होते. वर्षभर ‘अप्रतिम’ ऐकलेल्या माणसाचं लेखन साभार परत आलं की त्याला पहिली शंका मित्रांच्या शब्दाबद्दल येते.

पुढच्या चार बैठकांसाठी एक नियम करा: विशेषणं बंद. छान, सुंदर, भिडणारं, काहीही नाही. फक्त पान, ओळ आणि वाचताना काय झालं ते. कौतुकही तसंच करा: ‘पान ३ वर आजी चष्मा पुसते आणि काहीच बोलत नाही, तिथे मी थांबले’. असं कौतुक विसरलं जात नाही.

९. एक जण वर्षभर दुसऱ्यांचं वाचतो, चांगलं बोलतो, पण स्वतः काहीच आणत नाही. काय करावं?

एकट्यात विचारा, बैठकीत नाही. लेखन अडलं असेल तर पाळी रद्द न करता लहान करा: अर्धं पान, एक प्रसंग, चालेल तर पात्रांची यादी. तीन पाळ्या तशाच गेल्या तर त्याला वाचक म्हणून राहायचं आहे का ते स्पष्ट ठरवा. चांगला वाचक गटाला हवाच असतो, फक्त त्याची लेखनाची पाळी दुसऱ्याला मिळाली पाहिजे.

१०. गटात एक ज्येष्ठ लेखक आहेत. सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात आणि ते बोलले की बाकीचे गप्प होतात.

संबोधन बदलायला जाऊ नका, बोलण्याचा क्रम बदला. वयाने किंवा गटात सर्वांत नवीन असेल त्याने आधी बोलायचं, सरांनी शेवटी. आणि सरांचं लेखनही इतरांसारखंच पाळीने आलं पाहिजे. फक्त दुसऱ्यांचं तपासणारा माणूस गटात राहिला की गटाचा क्लास होतो.

वेळ सहा मिनिटं म्हणजे सहाच. फोनवर गजर लावा, म्हणजे कोणाला अडवायची वेळ कोणावर येत नाही. माणसावर घसरलेलं बोलणं मात्र तिथल्या तिथे थांबवावं लागतं: ‘आपण पानावर राहू.’ हे वाक्य त्या दिवशीच्या यजमानाने म्हणायचं, म्हणजे ते एकाच व्यक्तीचं भांडण होत नाही.

११. आमच्या गटातल्या बायका तीन-चार महिन्यांत गळतात. का?

बहुतेकदा कारण वेळ आणि जागा असतं. रविवारी सकाळी अकराची बैठक म्हणजे घरात स्वयंपाकाची वेळ. संध्याकाळी सातनंतरची लांबली तर परत जायची काळजी. दुपारी तीन ते पाच ही वेळ बऱ्याच जणींना जमते. विचारून ठरवा.

बैठक कोणाच्या घरी असेल तर चहा-फराळ यजमानीणबाईंवर पडतो, आणि त्या स्वतः गटात असतील तर स्वतःच्या कथेवरची अर्धी चर्चा त्या स्वयंपाकघरातून ऐकतात. वाचनालयाची खोली घ्या, किंवा चहा थर्मासात आधीच करून ठेवा आणि कप ज्याने त्याने विसळा. एवढ्या बदलाने माणसं टिकतात.

१२. आम्ही पुणे, लंडन आणि अमेरिकेत विखुरलेलो आहोत. जमेल का?

जमतं. पुण्यात शनिवारी संध्याकाळी साडेसात ही वेळ धरा: उन्हाळ्यात तेव्हा लंडनला दुपारचे तीन, न्यू यॉर्कला सकाळचे दहा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे सात वाजलेले असतात. हिवाळ्यात तिकडे सगळीकडे एक तास कमी करा. गडबड मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी होते, कारण अमेरिका आणि ब्रिटन घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या आठवड्यांत वेळ भारतीय घड्याळाने लिहूनच कळवा.

पडद्यावर दोन तास बसवत नाही, दीड तास ठेवा आणि एकाच बैठकीत एकच मोठं लेखन घ्या. लेखी अभिप्राय आधी पाठवा, बैठकीत फक्त प्रश्न. प्रत्यक्ष न भेटता मैत्री होईल का, असंही विचारलं जातं. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींची सुनीताबाई देशपांड्यांशी मैत्री मुख्यतः पत्रांतूनच वाढली. लेखकांची मैत्री कागदावर चांगली रुजते, फक्त उत्तर नियमित गेलं पाहिजे.

१३. पाठवलेली फाइल दुसऱ्याकडे उघडली की अक्षरांचा चुराडा होतो.

एकाने श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं असतं, दुसऱ्याकडे तो फॉन्ट नसतो. गटाने युनिकोडच वापरायचं असं ठरवा. जुनं लेखन रूपांतरित केलंत तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, त्यामुळे रूपांतरात नेमकं तेच सरकतं. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्‍या’ किंवा ‘दुसर्या’ झालंय का तेही पाहा.

अभिप्रायासाठी पीडीएफ पाठवू नका, त्यावर फोनवरून खुणा करणं कठीण जातं. गूगल डॉक्समध्ये फक्त ‘टिप्पणी’ची परवानगी द्या, म्हणजे मूळ मजकूर कोणाकडून चुकून बदलत नाही.

१४. मी वऱ्हाडीत लिहितो. गटातले पुणेकर माझी भाषा ‘शुद्ध’ करतात.

ही दुरुस्ती नाकारा. प्रमाणलेखनाचे १८ नियम प्रमाण मराठीसाठी आहेत, आणि पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांतही वाव आहे. वाचणाऱ्याने शब्द कळला नाही तर प्रश्नचिन्ह करावं, शब्द बदलू नये. तुमच्या बाजूने एकच पथ्य: एकाच शब्दाचं लेखन सगळीकडे सारखं ठेवा. एका पानावर ‘हाये’ आणि दुसऱ्यावर ‘हाय’ आलं, तर वाचणारा ती चूकच समजतो. मालवणी, अहिराणी, आगरीलाही हेच लागू.

१५. गटात वाचलेली माझी कल्पना कोणी चोरली तर?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संरक्षण मांडणीला मिळतं, नुसत्या कल्पनेला नाही. ‘गावात परत आलेला मुलगा’ कोणाचाच नसतो, तुमची वाक्यं आणि प्रसंगांची गुंफण तुमची. हा हक्क लिहिताक्षणी आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. गटाला तारखेसह ईमेल केलेला मसुदा गरज पडल्यास पुरावा म्हणून कामी येतो.

खरी काळजी दुसरीकडे घ्या: विचारल्याशिवाय कोणाचं लेखन गटाबाहेर पाठवू नका, आणि एआयच्या साधनात टाकून त्याचा सारांश किंवा अभिप्राय काढू नका. लेखकाने विश्वासाने दिलेलं पान त्याच्या परवानगीनेच पुढे जावं.

१६. दिवाळी अंकासाठी गटाचा उपयोग कसा करून घ्यायचा?

उलटं मोजा. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात मांडणी आणि छपाई असते. म्हणून न मागवलेलं लेखन जुलै संपण्याआधी गेलेलं बरं. गटात पहिलं वाचन एप्रिलमध्ये, दुसरं जूनमध्ये. जुलैत फक्त मुद्रितशोधन, आणि तेही दुसऱ्याने करायचं, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

कोणी कुठल्या अंकाला काय पाठवलं याची एक सामायिक यादी ठेवा. एकच कथा दोन अंकांना पाठवू नका; दोन्हीकडे छापली गेली तर संपादकाचा विश्वास जातो.

१७. मैत्रिणीची कथा आली, माझी साभार परत आली. तिचा आनंद मला मनापासून होत नाही.

असं सगळ्या लिहिणाऱ्यांना होतं. तिला त्याच दिवशी दोन ओळींचं अभिनंदन कळवा, त्यात तिच्या कथेतली एक नेमकी जागा लिहा, आणि मग हवं तर आठवडाभर गप्प राहा. उशिरा आलेलं अभिनंदन जास्त बोचतं. परत आलेली कथा गटात पुन्हा वाचायला द्या, पण ‘का नाकारली असेल’ हा प्रश्न घेऊन नको. संपादकाकडे जागा नसणं हेही कारण असू शकतं.

१८. गटातल्या मित्राने पैसे भरून पुस्तक काढायचं ठरवलंय. आम्ही काय मदत करावी?

करार सही करण्याआधी दोघांनी वाचा. प्रती किती, खर्च कोणाचा, न विकलेल्या प्रती कोणाच्या, हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी, ही पाच उत्तरं कागदावर हवीत. हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी आधी करा.

गटाने प्रती विकत घ्याव्यात, मागून घेऊ नयेत. मित्राला उसने पैसे देणं मात्र गटाबाहेर, दोघांतच ठेवा.

१९. एकीने स्वतःवर बेतलेलं फार वेदनादायक लेखन आणलं. त्यावर अभिप्राय कसा द्यायचा?

आधी तिलाच विचारा: ‘यावर लेखन म्हणून बोलू, की आज फक्त ऐकू?’ फक्त ऐकायचं असेल तर पाळी तशीच घालवा, ती वाया जात नाही. लेखन म्हणून बोलायचं असेल तर ‘मी’ला लेखिकेचं नाव देऊ नका, ‘कथेतली निवेदक’ म्हणा.

ती व्यक्ती आजही धोक्यात आहे किंवा जीव नकोसा झाला आहे असं वाटलं, तर कथेबद्दल बोलणं थांबवा. बैठकीनंतर एकाने तिच्यासोबत राहावं, स्पष्ट विचारावं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक एकत्र बसून लावावा. हे काम गटाने अभिप्रायातून करायचं नसतं.

२०. गट थंडावलाय. बंद करावा का?

सलग तीन बैठका रद्द झाल्या असतील तर शेवटची एक तारीख ठरवा आणि तिथे विचारा. वेळ चुकीची असेल तर प्रश्न ११ किंवा १२ प्रमाणे बदला. लिहिणंच थांबलं असेल तर तीन महिन्यांची सुट्टी घ्या आणि परत भेटायची तारीख आत्ताच लिहून ठेवा. बंदच करायचा ठरला तर प्रत्येकाच्या मसुद्यांवरच्या टिप्पण्या त्याला परत पाठवा, सामायिक फोल्डर पुसून टाका, आणि ज्या दोघांना एकमेकांचं वाचत राहायचं आहे त्यांनी पुढची पानं कधी द्यायची ते तिथेच ठरवा.